एकतीस खड्डे

४ सप्टेंबर, गुरुवार
डोकं फिरलंय! दोन महिने घासून आराखडा केला आणि मिस्त्रींनी त्याची पार वाट लावली. शाळेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत रस्त्याकडेला एकतीस खड्डे, प्रत्येकात एक झाड. खोली बरोबर, माती बरोबर. रस्त्याचं पाणी आत शिरावं म्हणून कडेच्या दगडात फट, तीही बरोबर. पण फटीपाशी चार बोटं उंचीचा बांध हवा — वाहतं पाणी त्याला अडून आत वळावं म्हणून. तो पाणी वाहतं त्या दिशेने फटीच्या पुढे हवा. यांनी एकतीसच्या एकतीस ठिकाणी आधी घातलाय! म्हणजे पाणी खड्ड्याला वळसा घालून पसार.

"ताई, बादली ओतून पाहिलंय मी. पाणी शाळेकडून टाकीकडे जातं."

मी गाडीवर कागद पसरला. बाण टाकीकडून शाळेकडे. तो रस्ता दिसायला तव्यासारखा सपाट, उतार डोळ्यांना कळतच नाही, म्हणून तर मोजणी करतात! "यंदा डांबर चढलंय ना, उतार फिरलाय," म्हणे. मी म्हटलं, "बादल्या ओतून रस्ते होत नसतात. शिकलंय कोण, तुम्ही की मी?" सगळ्या मजुरांसमोर. जरा जास्तच बोलले. पण बोलले.

६ सप्टेंबर, शनिवार
साहेब! "आपल्याकडे पाऊस वर्षातून तीनदा. त्यासाठी एवढी नाटकं कशाला? मोठं गटार टाका, विषय संपवा."

तीनदाच पडतो म्हणून तर! दारात फुकट आलेलं पाणी गटारातून माळावर हाकलायचं, आणि दोन महिन्यांनी टँकरपुढे हंडे घेऊन भांडायचं. ओठांवर आलं होतं, गिळलं. शेवटी म्हणाले, "या पावसात रस्ता तुंबला नाही तर पुढचे चार रस्ते तुमचे. तुंबला तर गटार."

९ सप्टेंबर, मंगळवार
ठेकेदाराला सांगून मिस्त्री बदलून घेतले. बांध फोडून नव्याने घालणं सुरू. जुने मिस्त्री थापी-ओळंबा पोत्यात भरून निघाले. जाताना वाद नाही, शिवी नाही. त्याचाच जास्त राग आला.

१४ सप्टेंबर, रविवार
बाबांकडे. त्यांची गल्ली या रस्त्याच्या मध्यावर, दोन पायऱ्या खाली. पाणी कुठूनही येवो, तिथेच उतरतं. गेल्या वर्षी पलंगाला लागलं होतं. म्हटलं, चार दिवस माझ्याकडे चला. "कशाला? तुझे खड्डे आहेत ना आता!" शेजाऱ्यांनाही तेच सांगत सुटलेत. हट्टी म्हातारा! गादीसुद्धा वर ठेवू देत नाहीत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
ढग आले. गेले. मेले.

२२ सप्टेंबर, सोमवार
पडला. चाळीस मिनिटं, नुसता ओतत होता. मी छत्री घेऊन रस्त्यावर.

पाणी शाळेकडून आलं. शाळेकडून! प्रत्येक बांधाशी अडलं, वळलं, खड्डा सोडून पुढे गेलं. अठ्ठावीस खड्ड्यांत नुसता चिखल. टाकीजवळचे तीन मात्र काठोकाठ भरलेले. मजुराला विचारलं तर म्हणाला, "ते फोडायचे राहून गेले होते, मॅडम."

मोजणी जूनच्या आधीची. डांबर जूनमध्ये पडलं. मी रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जाते, डांबराच्या वासाने नाक दाबून गेले आहे. एक बादली! एक बादली ओतायला काय झालं होतं मला?

बाबांच्या खोलीत गुडघाभर पाणी. गोळ्यांची पाकिटं तरंगत होती. ते टेबलावर पाय वर घेऊन बसलेले. "होतं गं कधीकधी," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. गादी पिळता पिळता मला रडू फुटलं, तर मलाच पाणी प्यायला दिलं.

२४ सप्टेंबर, बुधवार
साहेबांनी विचारलं, "आराखडा चुकला की काम? आराखडा चुकला असेल तर गटार."

मी म्हटलं, "काम. मिस्त्रींनी बांध उलटे घातले."

लेखी मागितलं. दिलं. पुढचे चारही रस्ते माझ्याकडेच राहिले. जुन्या मिस्त्रींचं नाव काळ्या यादीत गेलं.