ज्या घरात घास अडकतो

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा शिवणकाम, विधवा, हा कागद राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दाब नाही. शरीराबद्दल तसे लिहिता येत नाही. हृदय थकले आहे आणि फार दिवस नाहीत, हे मला स्पष्ट सांगण्यात आले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मी शिवणाच्या कमाईतून घेतले असून ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही. तो चिडेल, म्हणून कारण लिहिते.

माझे यजमान कारखान्यात सुपरवायझर होते आणि घरी येऊनही सुपरवायझरच राहिले. त्यांनी हात कधी उगारला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. पण ते जेवायला बसले की भाजीच्या मिठापासून माझ्या माहेरापर्यंत सगळ्याची झडती सुरू व्हायची. जिन्यावर त्यांचे बूट वाजले की मी भाजीचे मीठ पुन्हा एकदा चाखून बघायचे. पुढे घास घशातच अडकू लागला. पाण्याने ढकलला तर उलटून यायचा. दुर्बीण घालून तपासले, काही सापडले नाही. यजमान म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग नाटकं कशाला?" ते कामावर गेले की मी ओट्यापाशी उभ्याने जेवू लागले. झोप उडाली, केस गेले, रक्तदाब जडला.

मग दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी घसा पाहण्याआधी विचारले, "जेवताना समोर कोण बसतं?" मला रडूच फुटले. त्या म्हणाल्या, "तुमचा आजार खोटा नाही. घसा खरंच आवळतोय, धास्तीनं. पण समोरचा माणूस बदलायची गोळी माझ्याकडे नाही."

यजमान वारले त्याच महिन्यात मी खाली बसून पोटभर जेवले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नावे ठेवली. ठेवोत. हृदयाचे व्हायचे ते नुकसान तोवर होऊन गेले होते.

२. शिलाई मशीन व कात्र्या धाकट्या बहिणीला. मोठी कात्री नणंदेच्या हाती लागू देऊ नये. तिने ती एकदा मागून नेली आणि पत्रा कापायला वापरली.

३. जेवणाचे टेबल मुलाला. लहानपणी वडिलांचा आवाज चढला की त्याचेही पोट दुखायचे, शाळा बुडायची, मी शेकत बसायचे. हे तो विसरला. गेल्या वर्षी सून मला हळूच म्हणाली, "आई, हल्ली घास अडकतो हो." तिच्याही तपासण्या झाल्या. मुलगा ताटावरून म्हणाला, "काही निघालं नाही ना? मग सोंगं कशाला?" आवाज हुबेहूब बापाचा. मी त्याला बाजूला घेतले. "अरे, तुझ्या बोलण्यानं आजारी पडतेय ती."

"मी काय मारतो का तिला?" तो म्हणाला.

आज सुनेच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

४. घराला कोणतीही अट नाही. सुनेने नवऱ्याला ठेवावे, बाहेर काढावे किंवा घर विकून निघून जावे. मुला, तुझ्यावर राग नाही असे लिहिणार होते. पण हा कागद खोटे लिहिण्याचा नाही.

५. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टरीणबाईंनी करावी. सुनेला यातले काही माहीत नाही. आता सांगितले तर ती भिऊन नको म्हणेल. मी गेल्यावर हा कागद तिच्याच हातात द्यावा, मुलगा घरात नसताना. आणि तिने वाचून काय ते ठरवेपर्यंत तिच्याजवळ बसावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, तो बरोबर आहे.

सही: शिवणवाली, वरचा मजला

आमच्यासमोर सही केली:
१. डॉक्टरीणबाई
२. खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले

ठिकाण: दवाखाना, तपासणीची खोली
दिनांक: मार्चचा दुसरा सोमवार