पातळ मोजे

मिसूरी,
रविवार, ११ एप्रिल १९४३

प्रिय डेल्बर्ट,

तुझं पत्र आणि फोटो मंगळवारी मिळाले. तुझ्या आजीनं फोटो घड्याळाला टेकवून ठेवलाय, त्यामुळे वेळ बघायची तर आधी तुला बाजूला सरकवावं लागतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. एक पत्र लिहायला माझा अख्खा दिवस जातो, म्हणून आज चर्चला गेलो नाही. आजीनं विचारलं, पाद्रीबुवांना काय सांगू? म्हटलं, सांग, म्हाताऱ्याला नातवाच्या डाव्या पायाची काळजी लागलीय. ती म्हणाली, तुम्हाला काळजी करायला छावणीतले पाय पुरत नाहीत, आता डावा-उजवा निवडायला लागलात. आणि गेली.

डावाच पाय, पोरा. का ते सांगतो.

इथल्या छावणीत नव्या भरतीचे बुटांसाठी पाय मोजायला लागून मला चौदा महिने झाले. पोरगं लाकडी पाटावर उभं करायचं आणि त्याच्या दोन्ही हातांत वाळूची एकेक बादली द्यायची, वीस-वीस पौंडांची. ओझं आलं की पाय पसरतो, लांबतो. मग माप घ्यायचं. बसलेल्या माणसाचा पाय वेगळा आणि पाठीवर बोजा घेऊन पंचवीस मैल चालणाऱ्याचा वेगळा. पोरं कुरकुरतात. परवा एक लाल केसांचा म्हणाला, “बाबा, मला लढायला बोलावलंय की डुकरांना पाणी पाजायला?” मागची रांग खिदळली. मी त्याला बादल्या घेऊन जरा जास्तच वेळ उभा ठेवला.

आपल्या डोंगराकडची पोरं तर पाटावर चढायच्या आधीच बुटाचा नंबर सांगतात. आठ. साडेसात. कुणी मोजला, विचारलं की म्हणतात, बापानं. मला माहीत असतं कसा मोजला ते. पोराला ओट्यावर बसवायचं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत काडी धरायची, मोडायची आणि तीच खिशात घालून दुकानात जायचं. दुकानदार काडीवर नंबर सांगतो आणि पोरगं जन्मभर तोच धरून बसतं. मी इथं कुणाचाच नंबर ऐकून घेत नाही. आमचा सार्जंट हॉबर्ट ओरडतो, म्हातारबा, रांग दारापर्यंत गेलीय. जाऊ दे म्हणतो. फार तर मला काढून टाकतील.

तुझी काडी मी मोडली होती, डेल्बर्ट. तू चौदा वर्षांचा होतास, ओट्यावर बसून मटार सोलत होतास. आठ नंबर निघाला. तुझ्या छावणीत बादल्या दिल्या का, की नुसतंच विचारलं? गर्दीत नुसतंच विचारतात, मी पाहिलंय. आणि तू मोठ्या आवाजात आठ म्हणाला असशील.

आजी म्हणते, वाईट तेच तुमच्या मनात येतं. येतं खरं. कोंबडी दोन दिवस अंड्यांवर बसली नाही तरी मला झोप लागत नाही. पण तुझ्या आईनं बुधवारी येऊन सांगितलं, की तू घरून मोजे मागवलेस. पातळ मोजे, रविवारचे. तिला कौतुक, पोरगा तिकडे नीटनेटका राहतो म्हणून. मी हातातली कॉफी खाली ठेवली. चालून चालून पाय सोललेला शिपाई जाड मोजे मागतो. पातळ मोजे तोच मागतो, ज्याच्या बुटात जाड मोज्याला जागा नसते. मग मी भिंग घेऊन फोटो न्याहाळत बसलो. उजव्या बुटाची नाडी घट्ट आहे आणि डाव्याची वरची तीन भोकं सोडून बांधली आहे. तू हसतोयस, पण सगळा भार उजव्या पायावर आहे.

तू का बोलत नाहीस ते मला कळतं. जूनमध्ये तुझी तुकडी समुद्रापार जाणार. डॉक्टरनं आठवडाभर खाटेवर टाकलं, तर तुझा दोस्त बेनी आणि इतर पोरं तुला सोडून जातील, अनोळखी माणसांत तुझी बदली होईल, ही भीती. तुझा पाय लपवायला बेनी चालताना तुझी बंदूकसुद्धा घेत असेल. चांगली पोरं घेतात. आता फोड असेल तर आठवड्याचं काम आहे. जूनपर्यंत लपवलास तर आठवड्याचं राहणार नाही.

आणि आता ते लिहितो, ज्यासाठी सकाळपासून तीन कागद फाडले. तुम्ही मुलं माझ्या मांडीवर बसून खेचराची गोष्ट ऐकायचात. स्पेनशी लढाई लागली, मी भरती झालो आणि छावणीत खेचरानं माझ्या पायावर पाय दिला. दर वेळी खेचर आणखी मोठं व्हायचं. उन्हाळ्यात ओढ्यात मी मोजे घालूनच उतरायचो आणि तुम्ही हसून लोळायचात. खेचर नव्हतं, पोरा. बूट होता, साडेसात नंबरचा. माझ्या बापाच्या काडीचा. सात आठवडे मी कुणाला कळू दिलं नाही. माझा दोस्त एझ्रा माझा बोजा वाहायचा. शेवटी बुटातून वास यायला लागला, तेव्हा डॉक्टरनं तीन बोटं कापली. तुकडी माझ्याशिवायच गेली आणि मी खिडकीतून बँड ऐकला. पंचेचाळीस वर्षांत हे तुझ्या आजीलासुद्धा सांगितलेलं नाही. ती चर्चहून आली की आज सांगणार आहे. या पाकिटात दुसरा कागद आहे, तो तुझ्या कॅप्टनसाहेबांसाठी. त्यात हे सगळं लिहिलंय, खेचरासकट. तो तू स्वतः नेऊन दे आणि त्यांच्यासमोर बूट काढ. दिला नाहीस, तर ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी टेक्सासला तुझ्या छावणीत येतोय. त्या लढाईनंतर मी हा जिल्हा सोडलेला नाही, पण बसचं तिकीट काढून ठेवलंय. वाळू तिकडे मिळेल. बादल्या मी घेऊन येतो, आणि तुझ्या सगळ्या तुकडीसमोर आधी माझा मोजा काढतो, मग तुझा.

तुझाच,
लेम्युएल आजोबा