डब्यांसकट वजन

कायझर्सलाउटर्न,
२ मार्च २०२५

ती. स्व. श्रीरंगकाकांस,
अरुंधतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही लावणार नाही, म्हणून हे पत्र. तुमच्या मयुरेशकडून वाचून घेऊ नका. तो मध्येमध्ये स्वतःची मतं घालतो.

आईच्या गिरणीच्या दगडांची जोडी जहाजाने आली, हे तुम्हाला माहीत आहेच. आता ती एका ट्रेलरवर बसवली, मोटर आणि जनरेटर जोडला आणि परवा पहिली ज्वारी दळली. शिरीष हाताची घडी घालून उभा होता, पण पीठ चिमटीत घेऊन बघितलंच त्याने. कार्ल्सरूहेच्या कंपनीने मला एकोणपन्नासाव्या वर्षी घरी बसवलं, त्याला आठ महिने झाले. पुन्हा कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभी राहणार नाही मी. दर शनिवारी एका गावी जायचं, कधी कार्ल्सरूहे, कधी बाड हॉम्बुर्ग, कधी इथेच. तिथल्या मराठी मंडळींनी आपलं धान्य आणायचं आणि दळून न्यायचं, आपल्या कराडसारखं.

ओढायला गाडी हवी. दोन बघून ठेवल्यात. एक हलका पिकअप, अठ्ठावीसशे किलो ओढतो. त्याला माझ्या लायसन्सवर थोडी शिकवणी आणि एक चाचणी पुरते. दुसरा अवजड, अमेरिकन. इथल्या त्यांच्या लष्करी तळावरचा एक सैनिक मायदेशी जाताना विकणार आहे. तो साडेतीन टनांचा ट्रेलर हसतहसत नेईल, पण त्याला ट्रकचं लायसन्स लागतं. म्हणजे डॉक्टरची तपासणी, जर्मनमधून लेखी परीक्षा, मग दोन चाचण्या. माझा ट्रेलर पान्यापासून केरसुणीपर्यंत सगळं धरून सव्वीसशे भरतो.

शिरीषचं म्हणणं, गाडीच कशाला, ट्रेलर अंगणात ठेव आणि हौस भागव. भांडणाच्या भरात मी कबूल करून बसले की दिवाळीपर्यंत जमलं नाही तर गिरणी मोडून टाकीन. अन्वीला ट्रेलरची लाज वाटते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधून येतं, आणि सध्या ते एकच आहे, पाइनलिश, म्हणजे लाजिरवाणं. पंधरा वर्षांच्या पोरीकडून आणखी काय अपेक्षा करायची.

तुम्ही अडतीस वर्षं मालट्रक चालवलेत. कुठली घेऊ ते सांगा. बाईने गिरणी चालवू नये, हे मात्र सांगू नका. ते तुमचं आईला सांगून झालंय.

माया आहेच, ती रागासकट पाठवली तरी चालेल.

तुमची,
अरू


कराड,
२० मार्च २०२५

चि. सौ. अरुंधतीस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मीच वाचलं. मयुरेशच्या हाती लागू दिलं नाही.

हलकी घे. गाडी किती ओढते हे सगळे विचारतात, मागचं ओझं घेऊन ती थांबते कशी हे कुणी विचारत नाही. उतारावर मागचं पुढच्याला ढकलत असतं. तुझं सव्वीसशे आणि मुभा अठ्ठावीसशेची, म्हणजे दोनशे किलो हाताशी राहतात. पुरे झाले. उतार लागायच्या आधीच गिअर खाली आण, लागल्यावर नव्हे.

अवजड घेतलीस तर पन्नाशीला टेकलेली तू शाळकरी पोरीसारखी परीक्षेला बसणार, तीही त्यांच्या भाषेत. नापास झालीस तर गाडीही दारात आणि गिरणीही दारात. जावईबापूंचं अंगणाचं म्हणणं मला पटलेलं नाही, पण त्यांना तसं कळवू नकोस. मला जावयाशी वाईटपणा नको.

वहिनींना मी गिरणी चालवू नका म्हणालो होतो, हे खरं आहे. त्यांनी ती सव्वीस वर्षं चालवली आणि माझ्या घरचं दळणही त्याच दळत होत्या. मी विसरलेलो नाही.

इकडे सगळे बरे आहेत. माझ्या कानांची चौकशी करू नये.

तुझा,
काका


कायझर्सलाउटर्न,
२३ जून २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकून हलकी घेतली. सात शनिवार इतके छान गेले की मी तुम्हाला ऐटीत पत्र लिहिणार होते. आठव्या शनिवारी कार्ल्सरूहेहून परतताना घराच्या अलीकडे पोलित्सायने बाजूला घेतलं आणि चाकांखाली वजनाच्या पाट्या सरकवल्या. ट्रेलर भरला एकतीसशे नव्वद.

माझा विश्वासच बसेना. मग मागचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. केरसुणी धरली होती मी वजनात, काका, पण डबे धरले नव्हते. धरणार कसे, ते माझे नव्हतेच. धान्य गिऱ्हाइकाचं, डबा गिऱ्हाइकाचा. कराडला कुणी डबा ठेवून गेलं की तो कट्ट्यावर राहायचा, गिरणी काही उठून कुठे जात नव्हती. इथेही लोक त्याच सवयीने डबे ठेवून गेले, पुढच्या फेरीला नेऊ म्हणून, आणि मीही त्याच सवयीने ठेवून घेतले. एकोणसाठ डबे घेऊन गिरणी घरी निघाली होती.

पोलीस सभ्य होता. वजन उतरल्याशिवाय गाडी हलणार नाही, एवढंच म्हणाला. मी डबे उतरवून पार्किंगमध्ये ओळीने मांडले. त्यांवर कोरलेली नावं बघून त्याने विचारलं, हे काय लिहिलंय. मी सांगितलं, मालकाचं नाव, कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या मुंजीतलं, आणि आमच्यात माणूस डबा ठेवून जातो म्हणजे तो परत येणार असतो. त्याने गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणून मान हलवली आणि दंडाची पावती हातात दिली. शिरीष मोटार घेऊन आला, दोन फेऱ्यांत डबे घरी नेले.

आता तो म्हणतो, डबे ठेवून घेणं बंद कर, ज्याने त्याने थांबून दळून न्यावं. कार्ल्सरूहेची स्वरूपा तान्ह्या बाळाला पोटाशी बांधून ट्रॅममधून दहा किलोंचा डबा आणते. तिला म्हणू, चार तास उभी राहा? आईने कधी कुणाचा डबा परत पाठवला नाही. साडेतीन टन ओढणारा हलका पिकअपही मिळतो, पण नवा कोरा, आणि तो आमच्या आवाक्यातला नाही. अवजड गाडी अजून आहे. सैनिक जुलैअखेर जातोय.

उत्तर लवकर द्या, आणि मला हवं तेच द्या.

तुमची,
अरू


कराड,
८ जुलै २०२५

चि. सौ. अरुंधतीस,
अनेक आशीर्वाद.

डबे माझ्याही डोक्यात आले नाहीत. त्या कट्ट्यावरच्या डब्यांना मी सव्वीस वर्षं ठेचकाळत होतो, तरी आले नाहीत. तेव्हा चूक अर्धी माझी.

पण अवजड नको. ट्रकची परीक्षा म्हणजे खेळ नव्हे. माझ्या हाताखालची तरणीताठी माणसं ट्रेलर मागे घेताना रडलेली मी पाहिली आहेत. डबे परत पाठव, लोक दोन दिवस नावं ठेवतील आणि गप्प बसतील. ते जमणार नसेल तर गिरणी विकून टाक. तुझ्या आईला राग येणार नाही.

सगळ्यांना आशीर्वाद. तुझं भलंच बघतो, एवढं मनात असू दे.

तुझा,
काका


कायझर्सलाउटर्न,
५ सप्टेंबर २०२५

ती. स्व. काकांस,
नमस्कार. साष्टांग या वेळी नाही.

तुमचं पत्र मी फ्रीजवर लावलंय, रोज राग यावा म्हणून. आईला राग येणार नाही म्हणता? बाबा गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात तुम्ही गिरणीची मोटर विकायला माणूस घेऊन आला होतात. आईने पट्टा चढवला, गिरणी सुरू केली आणि शेजारी बसून राहिली. दळायला काही नव्हतं. दगड रिकामे फिरवू नयेत, हे तिला कळत नव्हतं असं नाही. मी दहा वर्षांची होते, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तुम्हाला तेव्हा ऐकू येत होतं.

आल्झो, म्हणजे तर मग, आता सांगते आहे, विचारत नाही. हलकी विकली, अवजड घेतली. लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास. अन्वी रोज प्रश्न विचारायची, जर्मनमधून, आणि मी चुकले की डोळे फिरवायची. नुसत्या गाडीची चाचणीही पास झाले. ट्रेलरसकटच्या चाचणीत नापास. मागे घेताना ट्रेलर गाडीवर असा काही दुमडला की परीक्षकाने वही मिटली. मी रडले नाही, तुमच्या माणसांना कळवा.

शिरीष म्हणाला, आता पुरे. मी म्हटलं, वीस ऑक्टोबरच्या दिवाळीपर्यंत पुरे हा शब्द या घरात नको. कबूल मी केलंय, मोडायची वेळ आली तर मीच मोडीन, पण तो दिवस अजून आलेला नाही. पुन्हा चाचणी सहा ऑक्टोबरला आहे. त्याच आठवड्यात शनिवारी बाड हॉम्बुर्गला चकलीची भाजणी दळायची, ऐंशी घरांनी नावं दिलीत. एकालाही मी नाही म्हटलेलं नाही.

रागावलात तर रागवा. लोभ तोडायची मुभा मात्र तुम्हाला नाही.

अरू


कराड,
१८ सप्टेंबर २०२५ (स्पीड पोस्टाने)

चि. अरूस,
आशीर्वाद.

ऐकू येत होतं मला. दारातच उभा होतो. त्या माणसाला परत पाठवलं, घरी आलो आणि जेवलो नाही. ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती.

आता कामाचं. तू स्टेअरिंग वरून धरतेस, म्हणून चुकतेस. हात खाली धर, सहाच्या काट्यावर. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला जायला हवं, त्याच बाजूला हात ने. थोडाच ने आणि वाट बघ. मान वळवू नको, आरशात बघ. दुमडायला लागला की पुढे घे, सरळ कर, पुन्हा मागे ये. पुढे घ्यायला लाज वाटून घेऊ नकोस. अडतीस वर्षांत मी रोज घेतलं आहे.

अंगणात रोज वीस वेळा कर. जावईबापूंना मागे उभं राहायला सांग, त्यांनाही काहीतरी काम होईल.

काका


कायझर्सलाउटर्न,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग परत घातला आहे.

पत्र चाचणीच्या दोन दिवस आधी मिळालं. दोन दिवस मी अंगणातच होते, हात सहाच्या काट्यावर. शिरीष मागे उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं ओरडायलाही लागला. चाचणीत दोनदा पुढे घेतलं, लाज न बाळगता. पास झाले.

काल बाड हॉम्बुर्गला ऐंशी डबे आले. अन्वीने बाथरूममधला वजनकाटा आणला होता. डबा आला की काट्यावर ठेवायची, मोठ्याने नाव वाचायची आणि आकडा लिहायची. तिला देवनागरी वाचता येतं, हे मला माहीतच नव्हतं. एका डब्यावर सौ. होतं, ते तिने नावातच धरलं आणि त्या बाईला दिवसभर सौ म्हणून हाक मारली, पण मराठीतून. निम्मे डबे दळून राहिले ते घेऊन निघाले आणि वाटेत आपण होऊन काट्यावर गाडी घातली. पावती सोबत जोडली आहे. तीन हजार पंचवीस, डब्यांसकट.

घरी आल्यावर मोडण्याचा विषय निघाला नाही. शिरीष फक्त म्हणाला की पुढच्या शनिवारी तो बरोबर येईल, बाड हॉम्बुर्गच्या रस्त्यावर इतका वेळ गाडी चालवून कंटाळा येत असेल. मी म्हटलं, येत नाही, पण ये.

फ्रीजवरचं जुलैचं पत्र काढलं, तिथे सप्टेंबरचं लावलंय. काकूंना नमस्कार, आणि तुमच्यावर जितका रागवले तितकाच जीव आहे, हे लिहायला हवं असं नाही.

तुमची,
अरू


कराड,
४ नोव्हेंबर २०२५

चि. अरूस,
पोटभर आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या नीताच्या उत्कर्षबरोबर पाठवतोय. तुमच्याच गावी पीएचडी करतो, दिवाळीला आला होता. तुझी काट्याची पावती मी स्टँडवर जुन्या ड्रायव्हर मंडळींना दाखवली. एकाने विचारलं, पोरगी चालवते? मी म्हटलं, पोरगी नव्हे, बाई आहे, आणि गिरणी तिची आहे.

पत्रासोबत एक डबा आहे. वहिनींच्या कट्ट्यावर माझा असायचा तोच. झाकणाला पोचा आहे, पण नाव अजून वाचता येतं. रिकामाच पाठवतोय. ज्वारी तुझ्याकडची घाल, दळून ठेव. घ्यायला मी येतोय, एप्रिलात. पासपोर्टचा अर्ज केला आहे. मयुरेश म्हणतो, शहात्तराव्या वर्षी कशाला. मी त्याला विचारायला गेलो नव्हतो, नुसतं सांगितलं.

कानाचं मशीनही घेतलं. मला ती गिरणी पुन्हा एकदा ऐकायची आहे, धान्य घातलेली.

भेटेपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना सांभाळा.

तुझा,
काका

ता. क. डबा रिकामा आठशे ग्रॅम आहे, भरला की अकरा किलो होतो. या वेळी वजनात धर.