खिंडीतली सात धोंड्यांची रास

मुक्काम डोंगरातलं खेडं, जॉर्जिया
२५ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना कुणालीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. तुम्हाला फोनवरचं ऐकू येत नाही, आणि मनस्वीताईंनी तुमच्या कानाशी किती ओरडायचं? म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो ताईंच्या मोबाइलवर पाठवते आहे. तुम्हीही तसंच करा. अक्षर मोठं काढा, तुमचा जोडाक्षरांचा गुंता मला सुटत नाही.

सोमवारी इथली मोठी गुहा पाहिली. आत आपलं अख्खं शेणवा गाव मावेल एवढी. छतापासून दगड लोंबतात आणि प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब. शेवटी तर जमिनीखालच्या नदीतून होडीत बसवून नेलं. मी डोळे गच्च मिटून घेतले होते, हे तुमच्या चिरंजीवांनी सगळ्यांना हसत हसत सांगितलं. स्वतः मात्र गुहेच्या तोंडाशी बूट काढून उभे राहिले. वाटाड्याने खुणेने विचारलं, पाय दुखतो का? गुहेत देव असतो हे त्याला कसं समजावणार!

आज खिंड चढलो. वाटेवर जागोजागी धोंड्यांच्या छोट्या राशी होत्या. हे म्हणाले, बघ, इकडचे लोकसुद्धा आपल्यासारखे खिंडीतल्या देवाला धोंडा वाहतात. मग वरच्या वळणावर, जिथून दरी दिसते, तिथे यांनी सात धोंड्यांची नवी रास रचली, वर पाला वाहिला आणि सात तारखेचं तुमचं हृदयाचं ऑपरेशन नीट होऊ दे असा नवस केला. यांचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

ऑपरेशन तोंडावर असताना तुम्ही हट्टाने आम्हाला घालवलंत, ताई मुरबाडचं घर सोडून तुमच्यापाशी येऊन राहिल्या, आणि ठाण्याच्या राही मॅडमनी, इतकी वर्षं हे त्यांच्या गिर्यारोहक मंडळींना वाट दाखवत आपल्या आजोबागडाच्या डोंगरावर नेतात म्हणून, आम्हाला सोबत आणलं. कुणाकुणाचे उपकार मानू?

लहानांना गोड पापा. माया आहेच, ती वाढती ठेवा.

तुमची सून,
कुणाली


शेणवा, ता. शहापूर
२७ सप्टेंबर

चि. सौ. कुणाली हिस भगीरथचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मनस्वीने फोटो मोठा करून दाखवला, तीनदा वाचला. हळवं भात पिवळं पडलं आहे. डुकरांनी बांधाकडची एक बाजू तुडवली, बाकी ठीक. मनस्वी मला बिनमिठाचं जेवण घालते आणि समोर बसून माझा घास मोजते. सासरी हिचा काय दरारा असेल ते आता कळलं. तू बॅगेत सुकट नेली आहेस असं तिने सांगितलं. घरात घट बसले आहेत, दसऱ्यापर्यंत पुडी उघडू नका.

ऑपरेशनची भीती वाटते, खोटं कशाला लिहू? पण तुम्ही दोघं एकदा तरी घराबाहेर पडलात, याचं समाधान मोठं आहे. तुझी सासू गेल्यापासून तू या घराला एक दिवसाची सुट्टी दिलेली नाहीस. हे मी तोंडाने कधी बोललो नाही, म्हणून लिहून ठेवतो.

एक विचारायचं राहिलं. हरेशने रास रचली ती वाटेला धरून की वाटेच्या बाहेर? आणि त्या दुसऱ्या राशींवर पाला, कुंकू असं काही होतं का? उत्तर लवकर दे.

घरच्या सगळ्यांचा लोभ आहे, तो तिथेही जपून ठेवा.

भगीरथ


२८ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही जे विचारलंत ते आम्हाला आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं. त्या राशींवर पाला नव्हता, काही नव्हतं. त्या देवाच्या नव्हत्याच. धुक्यात वाट चुकू नये म्हणून इथले लोक धोंडे रचून खूण करतात. खरी वाट डावीकडे उतरते. यांची रास उजवीकडे होती, दरीच्या अंगाला.

शुक्रवारी धुकं उतरलं. याच गावच्या दोन म्हाताऱ्या बहिणी खिंड ओलांडून येत होत्या. त्यांनी आमची रास पाहून उजवीकडची घळ धरली. थोरली पाय घसरून पडली. रात्र दोघींनी तिथेच थंडीत काढली. काल सकाळी मेंढपाळाच्या कुत्र्यांनी त्यांना शोधलं. थोरलीचं पाऊल मोडलं आहे, पण दोघी जिवंत आहेत. बाबा, मी कालपासून देवाचे आभारच मानते आहे.

हे स्वतः त्यांच्या घरी गेले आणि मोबाइलमध्ये भाषांतर करून, ती रास माझी, असं कबूल केलं. धाकटीने यांना आत बोलावून चुलीपाशी बसवलं. मग तिने यांना चहा दिला.

आता गाव म्हणतं, रास मोडा. राही मॅडमही तेच म्हणतात. दुसऱ्या कुणाला मोडू द्यायला हे तयार नाहीत, आणि स्वतः हात लावत नाहीत. वाहिलेला धोंडा हलवायचा नसतो, आणि हा तर बाबांच्या जिवासाठी वाहिलेला, मोडला आणि सात तारखेला काही झालं तर मी काय करू, असं मला एकदाच म्हणाले. त्यानंतर जेवले नाहीत. यापुढे कुणालाही डोंगरावर नेणार नाही, असंही म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा धुकं येणार आहे. मला काही सुचत नाही, म्हणून यांना न सांगता तुम्हाला लिहिलं. नाजूक तब्येतीच्या माणसाला हे कळवायला नको होतं, पण यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार? सुनेच्या चुका पोटात घाला, माया पातळ होऊ देऊ नका.

कुणाली


शेणवा
२९ सप्टेंबर

चि. हरेश यास अनेक आशीर्वाद.

बायकोवर रागावू नकोस. तिने लिहिलं ते बरं केलं.

चाळीस वर्षं मी लोकांना आजोबाच्या डोंगरावर नेलं. रानात दोन वाटा फुटल्या की मी डहाळी मोडून आडवी टाकायचो. परतताना ती उचलायचो. तू लहानपणी विचारलं होतंस की बाबा, डहाळी तिथेच पडून राहिली तर बिघडलं काय? मी हसून पुढे गेलो. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. आपली खूण आपल्यासाठी असते, मागून येणाऱ्याला ती कशाची हे ठाऊक नसतं. हे तुला शिकवायचं राहिलं, त्यात माझाही दोष आहे.

आता नवसाचं. नवस माझ्या नावाचा आहे, म्हणून तो मी परत घेतो. आज गावदेवासमोर नारळ ठेवून तसं सांगून आलो. मनस्वी सोबत होती. ती रडत होती, पण अडवलं नाही. खिंडीतला देव वाट चालणाऱ्यांसाठी असतो. कुणाच्या लेकीबाळी दरीत घालून मला आयुष्य देणारा देव असेल, तर त्याच्याकडून मला काही नको. ऑपरेशन डॉक्टर करणार आहेत. जे होईल ते त्या सात धोंड्यांमुळे होणार नाही, हे माझ्या अक्षरात लिहून देतो. पुढे कधी मनात आलं तर हा कागद काढून वाच.

उद्या उजाडताच वर जा आणि रास मोड. मग पोटभर जेव. त्या माउलींना माझा नमस्कार सांग. रागावण्याऐवजी त्यांनी तुला चहा दिला, हे मी विसरणार नाही.

घर तुमच्या वाटेकडे डोळे लावून आहे.

भगीरथ


१ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांना हरेशचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

काल सकाळी वर गेलो. कुणाली होतीच. धाकटी बहीणही काठी टेकत आली. चढाला आम्ही दोघांनी तिला हात दिला. वर पोचल्यावर तिने मोबाइलकडे बोट दाखवून विचारलं, ही रास होती कशासाठी? मी तुमचं सांगितलं. ती खाली बसली आणि पहिला धोंडा तिनेच उचलला. फेकला नाही, गवतात हळू ठेवला. मग मी एक, ती एक. सातवा तिने माझ्यासाठी सोडला, तो माझ्याच्याने उचलेना. कुणालीने माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा उचलला.

मी रडलो बाबा, तुम्हाला म्हणून सांगतो. त्या बाईने तुमचं नाव विचारलं आणि चार-पाच वेळा घोकलं. सात तारखेला गावच्या चर्चमध्ये तुमच्या नावाने मेणबत्ती लावणार म्हणाली. खाली त्यांच्या घरी आलो, तर थोरली खाटेवर बसून हसली आणि आम्हाला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. त्यांच्यासाठी मी काय केलं होतं? उलट त्यांना मरणाच्या दारात नेलं होतं. एवढी माया कुठे ठेवू?

डोंगरावर लोकांना पुन्हा न्यायचं की नाही, ते अजून माझं ठरत नाही. घरी आल्यावर तुमच्या शेजारी बसून ठरवेन.

चार तारखेला पोचतो. आता माझ्याकडे नवस नाही, रास नाही, काही नाही. सातला ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी नुसता मी उभा असेन. पत्राच्या शेवटी आशीर्वाद असावा असं लिहायची रीत आहे. मी लिहितो, बाबा, तुम्ही असावं.

तुमचा,
हरेश