मांड्यांसाठी घेतलेला कॅमेरा

माय,

मी कॅमेरा घेतला. फोटोचा नाही, चालत्या चित्रांचा. हाताच्या पट्ट्यात घट्ट बसतो, बाजूला खिडकीसारखा छोटा पडदा उघडतो, आणि पुढची काच खरोखर आतबाहेर सरकते. गेले कितीतरी दिवस घरात दुसरा विषय नाही. नवरा म्हणतो, लग्न ठरताना तू माझी एवढी चौकशी केली नव्हतीस. खरंच केली नव्हती. तू त्याला पाहिलं नाहीस आणि माझी नोकरीही पाहिली नाहीस, म्हणून सांगते: मी नंदुरबारला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. गावोगावचं पाणी बाटल्यांतून येतं. दिसायला कितीही नितळ असलं तरी तपासल्याशिवाय मी ते चांगलं म्हणत नाही. कॅमेऱ्याचंही तसंच केलं. तुला हे सगळं कधीचं सांगायचं होतं, आणि हे घरातल्या भाषेत कसं लिहायचं ते कोणी शिकवलं नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते आहे.

कॅमेरा घेतला तो मांड्यांसाठी. तू हसशील. पण तुझे मांडे मला आजही दिसतात ते पाठीमागूनच. शहाद्याकडच्या कुठल्याशा लग्नात मंडपामागे चूल पेटलेली आहे, चुलीवर उपडं घातलेलं मातीचं खापर तापून काळं झालं आहे आणि तू पाटावर बसली आहेस. मला चुलीजवळ यायची बंदी, म्हणून मी तुझ्या मागे गोणपाटावर. पुरण भरलेला सैल गोळा तू थापतेस, उचलतेस आणि मग दोन्ही मनगटांवर तो असा फिरायला लागतो की बघता बघता कोपरापर्यंत पसरतो, आरपार उजेड दिसेल इतका पातळ होतो. मग एकदम झुकून तू तो खापरावर पांघरतेस. मंडपातल्या बायका म्हणतात, डावखोरीचा हात आहे, म्हणून असा फिरतो. मीही डावखुरी. मला वाटायचं, म्हणजे मला हे आपोआप येणार. एकदा तू पाणी प्यायला उठलीस तेव्हा मी परातीत हात घातला, आणि पाठीत धपाटा बसला.

"हात काढ! शिकू नको हाई. एकदा का तुले येवाले लागनं, तं दुन्यानं लगीन तुन्हा डोकावर. जलमभर खापरफुढेच बठशी."

मी रडले. तेव्हा मला वाटलं, तुला तुझी कला कुणाला द्यायची नाही. त्या लगीनसराईच्या शेवटी तू मांड्यांच्या पैशांतून टेबलफॅन घेऊन आलीस. निळ्या पात्यांचा. माझ्या अभ्यासाच्या जागेकडे तोंड करून ठेवलास आणि स्वतः एकदाही त्याच्यासमोर बसली नाहीस. सांगायची गोष्ट ही की तुझी युक्ती लागू पडली. मी शिकले, नोकरीला लागले, कुणाच्या लग्नात खापरापुढे बसायची वेळ आली नाही. आणि मग, चाळिशी उलटल्यावर, मला दुसरं काही नको झालं. मांडे शिकायचे होते.

शिकवणार कोण? कळसाडीची मावशी. तुझी धाकटी बहीण, तुझ्यासमोर बसून शिकलेली. तू गेल्यापासून आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माझं माहेर म्हणजे मावशीचं घर. मी तिच्याकडे दरवर्षी प्रयत्न केला आणि दरवर्षी माझा मांडा फाटला. ती सांगते काय, तर "अशा फिरव ना." हात एवढ्या वेगात की 'असा' म्हणजे कसा ते कळायच्या आत मांडा खापरावर. गेल्या वर्षीच्या आखाजीला म्हणाली, "मन्हा खांदा आते उचलास नही. फुढली आखाजी झाई का खापर उतारी ठेवसू." मी फोन काढला, म्हटलं मावशी, एकदाच व्हिडिओ काढते, मग घरी बघून शिकेन. तिनं हातातलं पीठ परातीत टाकलं आणि उठून घरात गेली.

कारण मला नंतर कळलं. एका लग्नात ती घाम पुसत, लुगडं खोचून चुलीपुढे बसलेली असताना कुणीतरी तिला फोनवर टिपलं, त्यावर गाणं आणि हसरी तोंडं चिकटवली, आणि संध्याकाळपर्यंत ते तिच्याच सुनेच्या फोनवर परत आलं. गावभर हसले. तेव्हापासून चुलीजवळ फोन दिसला की ती काम थांबवते. मी तिला कितीही शपथा घातल्या तरी तिचं एकच उत्तर: "फोनमा गयं का गावमा गयं."

मग माझ्या डोक्यात आलं की फोनच नको. असं यंत्र हवं ज्याला सीमकार्डच नाही. जे काढलं ते आतल्या कार्डात राहील, घरात राहील, मी बाहेर काढीन तेव्हाच निघेल. तुला सांगते, हे सुचलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या, इतकी मी हवेत होते.

पहिला कॅमेरा घरबसल्या मागवला. जाहिरातीत चित्रं इतकी सुंदर की काय सांगू. हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. स्वयंपाकघराची खिडकी लावून, गॅसच्या उजेडात पोळी लाटताना काढून पाहिलं. पडद्यावर सगळीकडे रवा सांडल्यासारखं दिसत होतं. हात जवळ आणायला बटण दाबलं, तर काच जागची हलली नाही. नुसतं चित्र ताणून मोठं केलं, आणि माझी बोटं चौकोनी ठोकळ्यांची झाली. त्यात माझ्या आवाजापेक्षा पंख्याचा आवाज मोठा. नवरा म्हणाला, "स्वस्तात एवढंच मिळणार." मी म्हटलं, स्वस्त असावं, पण खोटं नसावं. परत पाठवला.

मग सुरतेला गेलो. गाडी नवापूर सोडून पुढे लागली तसा नवरा डुलक्या काढायला लागला आणि मी मनातल्या मनात परीक्षेचे प्रश्न ठरवत बसले. अंधाऱ्या कोपऱ्यात कसं दिसतं? जोरात हलणारी वस्तू पुसट होते का? मागून ऊन आलं तर माणूस काळा पडतो का? जुने, वापरलेले कॅमेरे ठेवणारं एक दुकान आहे असं कळलं होतं. दुकानदाराने तीन-चार काढून दाखवले. मी नवऱ्याला काउंटरखालच्या अंधारात उकिडवं बसवलं, त्याचा मोठा रुमाल मनगटांवर टाकला आणि म्हटलं, फिरव. तो बिचारा भर दुकानात रुमाल फिरवत बसला. मी एकेक कॅमेरा लावून त्याचं चित्र घेतेय, मग हळू करून बघतेय. एकात रुमालाचा नुसता धूर दिसला. दुसऱ्यात त्याची कड दिसली, पण रंग गेला. तिसऱ्यात, माय, रुमालाची प्रत्येक घडी दिसली, नवऱ्याच्या मनगटावरचे केससुद्धा.

दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "बेन, लगननुं शूटिंग करवानुं छे?"

"ना भाई, रोटलीनुं."

लग्नाचं नाही, पोळीचं शूटिंग म्हटल्यावर तो इतका हसला की शेजारच्या दुकानातले लोक डोकावले. मग मात्र त्यानेच दरवाजा उघडून, मला उन्हाकडे तोंड करून उभं केलं, काच पुढेमागे कशी सरकते ते दाखवलं, आणि एक जास्तीची बॅटरी दिली. परतीच्या गाडीत मी कॅमेरा मांडीवरून खाली ठेवला नाही. खिडकीतून शेतं काढली, चहावाला काढला, झोपलेला नवरा काढला. तो त्यात घोरतो. ते चित्र मी जपून ठेवलंय.

आखाजीला कळसाडीला पोचले. मावशीनं कॅमेरा हातात घेतला, उलटापालटा केला, वास घेतला.

"याना मा सीम शे का?"

मी बाजूचं झाकण उघडून आतलं इवलंसं कार्ड तिच्या तळहातावर ठेवलं. "इतलंच शे मावशी. हाई कोठेच जास नही."

तिनं ते कार्ड नखानं टोचून पाहिलं, परत दिलं. मग चुलीत काडी सारत म्हणाली, "मन्हं तोंड नको काढजो. मांगून काढ. मी तुन्हाकडे पाठ करी बठसू."

मला तेवढंच पुष्कळ होतं. परसातल्या छपराखाली चूल. पलीकडे उन्हाचा लखलखाट, त्यामुळे मावशी काळी सावली दिसत होती. कॅमेरा धान्याच्या पिंपावर ठेवला, थोडा डावीकडे सरकवला, उजेड कमीजास्त करायचं बटण फिरवलं, आणि पडद्यावर तिचे हात सोन्यासारखे दिसायला लागले. पहिले दोन मांडे ती अवघडून करत होती. तिसऱ्याला कॅमेरा विसरली. सुनेला हाक मारली, लाकूड ओलं आहे म्हणून शिव्या घातल्या, आणि मांडे एकामागून एक उडायला लागले. दोन्ही बॅटऱ्या संपेपर्यंत मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

घरी आल्यावर कॉम्प्युटरवर लावून अगदी सावकाश चालवलं. इतकी वर्षं मी चूक काय करत होते ते पहिल्याच मांड्यात दिसलं. मी बोटांनी ओढत होते. मावशीची बोटं मिटलेली आहेत. मुठी बंद, मनगटं बाहेर वळतात, आणि मांडा स्वतःच्या वजनानं खाली उतरतो. ओढत कोणीच नाही. मी आनंदानं ओरडले. लगेच पीठ भिजवलं, करून पाहिलं, आणि तरीही फाटला. पुन्हा फाटला. कारण मावशी उजवी. तिचा उजवा हात पुढे, माझा डावा. डोक्यात ते उलटं करायला जावं तर हात गोंधळतात. नवरा म्हणाला, "चित्रच उलटं कर ना. आरशासारखं. त्यात तशी सोय असते." मी शोधलं, एक बटण दाबलं.

माय, तू दिसलीस.

तसाच डावा हात पुढे. तशीच किंचित झुकलेली पाठ, तोच अंबाडा, मांडा पांघरताना मानेला बसणारा तोच हिसका. मी गोणपाटावर बसल्यासारखी खुर्चीत बसले होते आणि तू माझ्याकडे पाठ करून काम करत होतीस. पदर तेवढा दुसऱ्या खांद्यावर गेला होता. मावशी तुझ्यासमोर बसून शिकली, म्हणून तुझं सगळं तिच्यात उलटं उतरलं होतं. मी ते सुलटं केलं, एवढंच. मी रडले नाही. मी हसत होते. नवऱ्याला हाका मारत होते, ये, ये, बघ, सासू बघ तुझी.

पुढचं भराभर झालं. बाजारातल्या कुंभाराकडून खापर आणलं, गच्चीवर विटा लावून चूल मांडली, आणि रविवारचे रविवार मी मांडे फाडले. एका सकाळी फाटला नाही. कोपरापर्यंत आला, उन्हात आरपार दिसला, आणि मी तो खापरावर घातला. कड थोडी करपली. त्याच्या पुढच्या रविवारी नवरा मावशीला गाडीवर बसवून घेऊन आला.

ती पाटावर बसून माझे हात बघत होती. पहिला मांडा उतरला, दुसरा उतरला. मग म्हणाली, "कोनी शिकाडं तुले? मी तं उजवी शे."

मला भीती वाटत होती. तिचा व्हिडिओ आहे, तिला आवडेल की नाही. पण कॉम्प्युटर गच्चीवर आणला, सावलीत ठेवला आणि उलटं केलेलं चित्र लावलं. मावशी जवळ सरकली. चष्मा पुसला. पडद्यावरचा हात एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला.

"हाई मी नही," ती म्हणाली. "हाई आक्का शे."

मग तिनं ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं. सुनेला घातलेल्या शिव्या स्वतःच्याच आवाजात ऐकून हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. आणि उठून, खांदा दुखतोय हे विसरून, माझ्या खापरापुढे जाऊन बसली. माझ्याकडे वळली. तोंड पूर्ण उन्हात. "आन तुन्हा कॅमेरा. आते मन्हं तोंड काढ. चांगलं काढजो, पदर नीट करू दे." मी धावत खाली गेले, जिन्यात पाय मुरगळता मुरगळता वाचला. ते चित्र सुंदर आलंय, माय. ती मांडा करता करता तुझ्या खोड्या सांगते आहे, लहानपणी तू तिच्या वाटणीचा गूळ कसा खायचीस ते. मी ते उलटं केलेलं नाही. ते तिचं आहे.

तर मी शिकले. रागावू नकोस. मला कोणी लग्नात बोलावत नाही, आणि बोलावलं तरी मी जाणार नाही. मी आपली गच्चीवर करते, वाटलं तेव्हा.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. मला पुरण आवडत नाही. कधीच आवडलं नाही, फार गोड होतं. मी सगळ्यांना मांडे वाढते आणि मग आत जाऊन ठेच्याबरोबर भाकरी खाते. मला मांडा फक्त हातावर मोठा होताना हवा असतो.