मेढीपुरती जागा

नाना, तेव्हाही तुम्ही त्याचंच ऐकायचात, आणि आता तुम्ही नाही तर सगळं घर त्याचंच ऐकतंय. तुमचा धाकटा म्हणतोय, आपल्या अंगणात छापाचं काँक्रीट करायचं. गंगापूर रोडला कुठल्याशा बंगल्यात फुलांच्या माळा पोचवायला गेला होता, तिथं बघून आला. ओलं काँक्रीट ओततात, वरून रंगाची भुकटी मारतात, मग त्यावर रबराचे साचे दाबतात. सुकलं की घडीव दगडाची फरशी बसवल्यासारखं दिसतं. हे सगळं तो मला फोनवर समजावून सांगत होता. मला! मी इथं मस्कतला चार वर्षं तेच साचे पायाखाली तुडवतोय, आणि हा मला सांगतोय, "भाऊ, लय भारी दिसतं, तू एकदा बघितलं पायजे." मी म्हटलं, सिमेंटचे गट्टू बसव. तर हसला. म्हणाला, "गट्टू तर पेट्रोल पंपावर असत्यात, घरात कोण लावतं?" मागून आईचा आवाज आला, "त्याला आवडतंय ते करू दे ना रे. लग्न हाय त्याचं."

लग्न आहे त्याचं. माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा, आणि त्याचं आधी ठरलं. मी दोन सुट्ट्यांत मुली बघितल्या. लोक विचारतात मुलगा काय करतो, आई सांगते मस्कतला असतो, तेव्हा ते सरसावून बसतात. मग विचारतात, म्हणजे काय करतो? गट्टू बसवतो म्हटलं की चहा गार होतो. येवल्याच्या स्थळाकडून तर माझी सुट्टी संपली तरी निरोप आला नाही. धाकट्याला मात्र मुलगी बघायला जावंच लागलं नाही, तेच लोक आपल्या मळ्यात फुलं घ्यायला आले आणि ठरवून गेले. तुम्ही असता तर म्हणाला असता, त्याचा हात चांगला. माझ्या हातात काय काटे आहेत, नाना?

मी गट्टूच का म्हणतो याची सगळी कारणं मी त्याला सांगितली. आपल्या अंगणात रोज फुलांच्या ढिगावर पाणी मारायचं असतं, छापाच्या काँक्रीटवर चकाकीचं पॉलिश असतं, त्यावर आई घसरेल. दसऱ्याला झेंडूचे डाग पडतील. त्याला तडा गेला की गेला, तुकडा काढून दुसरा घालता येत नाही, आणि घातला तरी रंग जुळत नाही. गट्टूचं तसं नाही. एक खचला तर तेवढाच उचलायचा, खाली वाळू सारखी करायची, परत ठोकून बसवायचा. वर पैसे निम्मे. ही सगळी कारणं खरी आहेत, आमचा मलबारी फोरमनही गिऱ्हाइकाला हेच सांगतो. पण माझं कारण दुसरंच आहे आणि ते फोनवर बोलायचं नाही. अंगण एकदा काँक्रीटनं बंद केलं तर माझ्या लग्नाची मेढ कुठं रोवणार? लग्नं आता लॉन्सवर होतात, मला कळतं. पण मांडवाची पहिली मेढ लोक अजून दारातच रोवतात. त्याची मेढ आता रोवली जाईल, मांडव निघेल, खड्डा बुजेल, आणि मग वरून काँक्रीट. म्हणजे या घरातली लग्नं संपली. गट्टू असले तर चार उचलायचे, खड्डा घ्यायचा, मेढ रोवायची, परत बसवायचे. कुणाला कळणारही नाही की मध्ये उचलले होते.

गट्टू म्हटले की तुम्हाला माझे ते जुने गट्टू आठवतील. मी अंबडला ब्लॉकच्या कारखान्यात लागलो होतो तेव्हाचे. कोपरा उडालेले, रंग न धरलेले गट्टू मालक फुकट देई. मी रोज सायकलच्या कॅरियरला थोडे बांधून आणायचो, गोठ्यामागं लपवायचो. तुम्ही बाजारातून यायच्या आत दारापासून हौदापर्यंत वाट करून ठेवायची, असं माझ्या मनात होतं. आईनं सकाळी अंगण सारवलं होतं, ते अजून ओलं, आणि मी त्याच्यावरच गट्टू मांडले. खाली मुरूम नाही, वाळू नाही, काही नाही. मला वाटलं, एवढी सपाट जमीन आयती मिळाली तर अजून काय पाहिजे. तुम्ही येता. एम-एटी गाडी लावता, रिकाम्या पाट्या उतरवता, आणि पहिल्याच गट्टूवर पाय देता. तो कलंडतो. शेणाची पिचकारी तुमच्या पांढऱ्या लेंग्यावर, पार गुडघ्यापर्यंत. "ह्ये कुणी केलं?" तुम्ही विचारता, आणि मी अजून हसतच असतो, कारण मला वाटतं वाट बघून तुम्ही खूश व्हाल. "अंगण हाय का चिखलातली वखारीची वाट? उचल सगळं. आज्याच्या काळापासून सारवलेली जमीन हाय, तिच्यावर दगडं मांडतो व्हय रं?"

मी उचलले. तेवढ्यावर भागलं असतं तरी मी विसरलो असतो. पण धाकट्यानं तेच गट्टू दुसऱ्या दिवशी तुळशीभोवती तिरके उभे करून पुरले, नक्षीसारखे, आणि आईनं हळद-कुंकू वाहिलं. संध्याकाळी तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होता. "पोराला डोकं हाय," म्हणत होता. गट्टू माझे, सायकल माझी, पायातले गोळे माझे, आणि डोकं त्याचं. तो दहावी पास झाला तेव्हा तुम्ही त्याला घड्याळ घेतलंत. मी सातवीतून शाळा सोडली तेव्हा मला खुरपं दिलंत. बरोबरच होतं म्हणा, घड्याळ घालून कुणी निंदतं का?

आणि ताईचं लग्न. ताई आम्हा तिघांत मोठी, तिचा मांडव म्हणजे घरातला पहिला मांडव. मेढीचा खड्डा मी घेतला. उन्हाळ्याची जमीन, पहार आपटली की ठिणगी उडायची, हाताला फोड आले. आत सुपारी, पैसा टाकला, पाच जणींनी पूजा केली, आणि मेढ उभी करायची वेळ आली तर तुम्ही म्हणालात, "धाकट्याला बोलवा, त्याचा नवा शर्ट हाय, फोटो चांगला येईल." मामा म्हणालासुद्धा, "अहो, खड्डा थोरल्यानं घेतलाय." तर तुम्ही म्हणालात, "त्यो काय, परत घेईल." सगळे हसले. त्या फोटोत तुम्ही आहात, तो आहे, मध्ये मेढ आहे. मी पहार धुवायला हौदावर गेलो होतो. तुम्ही सहज बोललात, नाना, मला माहीत आहे. वर्षभरात तुम्ही गेलात, त्यामुळं परत काही बोलायचं राहूनच गेलं. पण परत कधी घेऊ मी तो खड्डा, हे मात्र तुम्ही सांगितलं नाही.

इथं मी एका जागी टिकत नाही असं फोरमन म्हणतो. आधी सुरत, मग दमण, मग इथं, इथंही तीन कंपन्या झाल्या. साच्याच्या कामावर मात्र मला घेतात, कारण ते काम घाईचं. काँक्रीट ओतलं की ऊन त्याच्या मागं लागतं. घट्ट व्हायच्या आत साचे दाबून संपवायचं, एखादा वाकडा पडला तर तो कायमचा वाकडा. लोकांच्या बंगल्यांची अंगणं मी अशी बंद करत असतो. एका बाईनं मागून सांगितलं होतं, इथं मला लिंबाचं झाड हवं होतं. फोरमन म्हणाला, मॅडम, आता कुंडीत लावा.

मागच्या शुक्रवारी मी भांडायच्या तयारीनंच फोन लावला. ठरवलं होतं, गट्टू लावणार असशील तर पैसे पाठवतो, नाही तर तुझं तू बघ. पण मी बोलायच्या आधी तोच बोलला. "भाऊ, एक विचारायचं राहिलं. तुझी मेढ कुठं रोवायची?"

मी म्हटलं, "काय?"

"तुझ्या लग्नाची रे. तेवढी जागा सोडून काँक्रीट ओततो. दोन फुटाचा चौकोन सोडतो, माती ठेवतो, वर तुझे चार गट्टू टाकून देतो. लग्न ठरलं की गट्टू उचलायचे. हौदाकडं सोडू का तुळशीकडं?" आई मागून म्हणत होती, "हौदाकडं नको, चिखल होतो." आणि तो तिला म्हणत होता, "तू थांब गं, त्याला सांगू दे. मेढ त्याची हाय."

तुम्हाला वाटेल मला बरं वाटलं असेल. मला इतका राग आला की फोन ठेवावा वाटला. हे त्याला का सुचावं? अंगणं करायचा धंदा माझा, खड्डा माझा, आणि तोडगा पुन्हा त्याचाच. तुम्ही असता तर परत तेच म्हणाला असता. मी म्हटलं, तुळशीकडं सोड. तो म्हणाला, "झालं तर मग. निम्मे पैसे मी घालतो, निम्मे तू घाल, तुला जमलं तर. नाही जमलं तरी काम होतंय." त्याच्या बोलण्यात काही टोमणा नव्हता. तेच तर माझ्याच्यानं सोसवत नाही.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. काँक्रीटमध्ये चौकोन सोडायचा नसतो. चौकोनाच्या कोपऱ्यातून तडा निघतो आणि सरळ दारापर्यंत जातो. गोल सोडायचा असतो. एवढं एकच वाक्य होतं, ते माझ्या तोंडात आलं आणि मी गिळलं. आठवडाभर कामावर साचे दाबताना मला तो तडा दिसत होता, त्याच्या भारी काँक्रीटमधून गेलेला. लोक विचारतायत, हे काय झालं, आणि तो म्हणतोय, भावाला विचारायला पाहिजे होतं. लय बरं वाटत होतं, नाना. काल कळलं, त्याचा मांडव निघाला की लगेच, पाडव्याच्या आधी ओतायचं ठरलंय. मग आज जेवण सोडून फोनच्या रांगेत उभा राहिलो आणि फोनवर ओरडून सांगितलं, गोल सोड, गोल, चौकोन नाही. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलं, मला कुठं माहीत होतं." पुढं म्हणाला, "मिस्त्रीलाही माहीत नव्हतं." हे दुसरं वाक्य मी परत दोनदा म्हणायला लावलं त्याला, ऐकू येत नाही म्हणून. ऐकू चांगलं येत होतं.

हे पत्र तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि पैशाच्या ड्राफ्टच्या पाकिटात घातलं तर तो वाचेल, म्हणून गादीखालीच राहील. त्यानं निम्मेच मागितलेत. मी सगळे पाठवतोय, दोन वर्षांची शिल्लक गेली तरी चालेल. प्रेमानं वगैरे नाही. उद्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अंगण दाखवताना त्याला ते आपलं म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी. चाळीस हजार.