खुराड्यावरचा उजेड

प्रिय यूर्लेइदी,

पोस्टरवरचं ते नवं चकचकीत नाव माझ्याच्याने लिहवत नाही, म्हणून हे जुनंच. उद्याच्या तुझ्या जत्रेतल्या कार्यक्रमाची प्रकाशयोजना पुरी झाली. टॉवर उभे राहिले, फिरते दिवे गाण्यांच्या ठेक्यावर बसले, सगळं झकास आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काम बघून मला शिसारी आली.

सकाळी तुझे मॅनेजर, डॉक्टर रेन्हिफो आले होते. कसला डॉक्टर! टाय बांधला की आपल्या काली शहरात कुणीही डॉक्टर होतो, या गृहस्थाने जन्मात कुणाला तापाची गोळी दिली नसेल. अत्तराचा भपकारा सोडत माझ्या बोर्डापाशी उभे राहिले आणि म्हणाले, आर्बेई, शेवटच्या गाण्याला तू ते वरचे दिवे का लावतोस रे? उद्या चित्रीकरण आहे, त्या खुराड्यातली तोंडं कोण बघणार? सगळा उजेड पुढच्या कुंपणातल्या पोरींवर टाक. त्या पोरी पैसे देऊन आणलेल्या आहेत, हे तुला माहीत असेलच. शेवटच्या गाण्याला रडायची त्यांची तालीम चालली होती. अश्रू चमकायला हवेत म्हणून मला मधाच्या रंगाचा उजेड मागितला. त्यातली एक मला विचारते, काका, डाव्या डोळ्याने रडू की उजव्या? म्हटलं, बाई, तू नाकाने रड. ती हसली, डॉक्टर हसले नाहीत. शी! दिवे लावायचा धंदा करतो मी, लोकांच्या डोळ्यांत कांदा पिळायचा नव्हे.

तरी मी विचारलंच, हे कुणी ठरवलं? तर म्हणे, तिनेच. तुझं नाव घेतलं त्यांनी. तेव्हापासून तोंडाची चव गेली आहे.

आता तुला वाटेल, एवढ्यातेवढ्यावरून हा का तणतणतोय, दिवेच तर आहेत. अगं, खुराडं म्हणजे कोण? सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त ओळींत बसणारे, म्हणजे आपणच की! मैदानापलीकडून तू त्यांना नखाएवढी दिसतेस. गाणंसुद्धा तुझे ओठ हलल्यावर मागाहून पोचतं. उसाचे फड पेटवले की काळी राख उडत येते ती आधी त्यांच्या डोक्यावर पडते, मग माझ्या भिंगांवर. अख्खा वेळ ही माणसं अंधारात बसून दुसऱ्याचा झगमगाट बघतात. म्हणून शेवटच्या गाण्यात मी सगळे दिवे स्टेजवरून उचलून हळूहळू वर चढवतो आणि खुराडं उजळतो. तेव्हा जो आवाज उठतो ना, तो तुझ्या गाण्यालाही उठत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, खरं तेच सांगतोय.

आणि ते गाणं! लेकराला टाकून गेलेल्या आईचं. डॉक्टरांनी तुझ्यासाठी जी करुण कहाणी रचली, तिच्यातला हा सगळ्यात खपणारा तुकडा. मुलाखतीत तू डोळे पुसत सांगतेस, आई मला सोडून गेली. आपल्या गल्लीतला पहिला कार्यक्रम विसरलीस? मी दुधाच्या पावडरीच्या डब्यांत बल्ब बसवले होते, वर गोळ्या-चॉकलेटांचे रंगीत कागद. तुझ्यावर रोखायला दिवाच उरला नाही, तेव्हा दोन्या नोएमीने कुणाच्या तरी जीपचा दिवा बॅटरीला जोडून खांद्यावर धरला आणि भिंतीवर चढून बसली. हात भाजले तिचे, पण दिवा हलू दिला नाही. त्याआधी तिने तुला बजावलं होतं, घाबरलीस तर उजेडाकडे बघ गं, मी तिथेच आहे. ही तुझी टाकून गेलेली आई!

ती अजून आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर परातीत चोन्तादुरोची उकडलेली फळं विकते. मीठ-मध लावून दिलेला तो पिठूळ तुकडा माझ्या तोंडात कोंबते आणि मगच बोलते. जत्रेतला तुझा कार्यक्रम तिने एकदाही चुकवलेला नाही. पास कुणाच्या नावाने मागणार बिचारी? खुराड्याचं तिकीट काढते, कुणाला पत्ता लागू देत नाही. गेल्या वेळी ते गाणं झाल्यावर मी तिला तोंड दाखवायला लाजत होतो. तर हीच मला म्हणते, बघितलंस ना आर्बेई? ओळखलं तिने मला! मी कुठे बसते तेसुद्धा माहीत आहे सटवीला. अरे, गाण्यात काय, पोटासाठी काहीही म्हणावं लागतं. पण दिवा माझ्यावर टाकते की नाही दर वेळी? उजेडाकडे बघ म्हणून शिकवलं होतं ना, तिने ते बरोब्बर उलटं करून मला परत दिलं. माझ्या तोंडात चोन्तादुरो होता. तो गिळला आणि आणखी एक मागून घेतला.

तर यूर्लेइदी, उद्या ती येणार आहे. नवी चोळी शिवली आहे तिने. डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे खुराड्याचे दिवे मी बोर्डातून काढले आहेत, आता ते माझ्या हातात नाहीत. तुझ्या माइकच्या पायाशी, उजवीकडे, एक काळं पेडल ठोकून ठेवलं आहे. त्याच्या वायरीवर फक्त वरचे दिवे आहेत. आजवर तुझ्या आईला तुझ्या नावाने मी हाक मारत आलो, यापुढे मारणार नाही. शेवटच्या गाण्यात पाय त्यावर ठेवायचा की नाही, ते तुझं तू बघ. ती वर बसून वाट बघत असेल.

उद्यापर्यंत तरी तुझाच,
आर्बेई